साडेनऊ सेंटिमीटरचं लुगडं

दर जानेवारीत एका रविवारी आमची यादी होते. आम्ही म्हणजे मॉडेल रेल्वेच्या वेडातले सात-आठ जण. कुणी निवृत्त, कुणी अजून नोकरीत, एक दातांचे डॉक्टर, एक कॉलेजातला मुलगा आणि बायकांमध्ये मी एकटी. पोहे होतात, दुसरा चहा होतो, मग सरलेल्या वर्षाच्या कॅलेंडरची पानं उलटी करून प्रत्येकापुढे एकेक सरकवलं जातं. त्यावर पाच ओळी लिहायच्या. या वर्षी कुणीतरी बनवावं आणि आपल्याला दुकानातून सरळ विकत आणता यावं असं काय काय? इंजिन, डबा, स्टेशनचं किट, झाडं, माणसं, काहीही चालतं. जानेवारीच का, तर न्यूरेम्बर्गचा खेळण्यांचा मोठा मेळा याच सुमारास असतो आणि तिकडच्या कंपन्या वर्षाचा नवा माल जाहीर करतात. आम्ही आपले त्या मुहूर्तावर इकडे पोहे खातो.

या याद्या आम्ही कुठेही पाठवत नाही. पाठवायच्या कुणाला? गावात किराण्याचं दुकान नाही आणि वाणसामानाची यादी मात्र दर महिन्याला, असा तो प्रकार.

ज्यांना हे वेड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मॉडेल रेल्वे म्हणजे खरी गाडी ठरलेल्या प्रमाणात लहान करून, खऱ्यासारख्या रुळांवर, खऱ्यासारख्या गावातून चालवायची. जगात सगळ्यात जास्त चालतं ते एचओ प्रमाण, म्हणजे खऱ्याच्या १/८७. पुण्यात वाढलेल्या माणसाला ते वेगळं समजवावं लागत नाही. कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय शाळेच्या सहलीत तरी पाहिलेलं असतंच. भाऊ जोशींनी नुसत्या छंदापोटी उभं केलेलं ते आख्खं शहर १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मुलाचं बोट धरून गेले होते. खेळ संपल्यावर मुलगा बाहेर पळाला आणि मी तिथेच उभी. आता तो मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला आहे आणि इथे त्याच्या अकरा बाय दहाच्या खोलीत माझं कर्जत स्टेशन आहे.

कर्जत अजून पुरतं झालेलं नाही, आणि त्याला कारण गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर.

खऱ्या जगात बऱ्याच देशांच्या रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर. त्याला ८७ने भागलं की साडेसोळा येतात, म्हणून एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. आपली ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरची, म्हणजे साडेपाच फूट. लॉर्ड डलहौसीला तर सहा फूट हवे होते, शेवटी साडेपाचावर निभावलं. एचओमध्ये एका फुटाला साडेतीन मिलिमीटर धरतात. साडेपाच गुणिले साडेतीन, सव्वाएकोणीस. बाजारातले रूळ साडेसोळा. फरक पावणेतीन मिलिमीटर. ऐकायला तीळभर वाटतो, पण ८७ने गुणलात तर चांगला वीतभर भरतो. समोरून पाहिलं की आपलं धिप्पाड इंजिन बारक्या रुळांवर अंग चोरून उभं राहिल्यासारखं दिसतं.

यावर आमच्यात दोन तट आहेत. दातांचे डॉक्टर सव्वाएकोणीसचे. रुळांखालची प्रत्येक आडवी पट्टी, म्हणजे स्लीपर, स्वतः कापतात, त्यावर रूळ एकेक करून बसवतात, चाकांचे आस लांब करून घेतात. सहा वर्षांत त्यांची सव्वा मीटर लाइन झाली आहे आणि ती इतकी सुंदर आहे की पाहिल्यावर कुणी काही बोलत नाही. बाकीचे आम्ही साडेसोळावाले. स्पेनची रेल्वेही आपल्यासारखीच रुंद, १६६८ मिलिमीटरची, आणि तिथल्या कारखान्यांनी शहाणपणाने साडेसोळाच घेतले. ब्रिटिशांनी तर उलटं केलं. गाडी १/७६ची केली आणि रूळ एचओचेच ठेवले, म्हणून त्यांच्या गाड्या पिढ्यान्‌पिढ्या अरुंद रुळांवर धावतात आणि कुणी उपाशी मेलेलं नाही. असं मी डॉक्टरांना दरवर्षी ऐकवते. ते म्हणतात, "ताई, एकदा कळलं की दिसतंच." आणि तेच खरं दुखणं आहे.

माझ्या यादीत पहिली ओळ अकरा वर्षं एकच होती. खेकडा.

खेकडा म्हणजे जी.आय.पी. रेल्वेचं (आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज) ईएफ/१, नंतरचं डब्ल्यूसीजी-१. १९२८पासून आलेलं मालगाडीचं विजेचं इंजिन. एकूण ४१ आली, पहिली स्वित्झर्लंडच्या विंटरथूरच्या कारखान्यातून आणि पुढची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून. दोन्ही टोकांना पुढे आलेली नाकाडं, मध्ये केबिन, आणि चाकं एकमेकांना जोडणारे जाड दांडे. विजेच्या इंजिनाला दांडे! ते चालू लागलं की दांडे वरखाली व्हायचे आणि अंग डोलायचं. नाव खेकडा का पडलं हे पाहणाऱ्याला कधी विचारावं लागलं नाही. नव्वदच्या दशकापर्यंत ती मुंबईच्या बाजूला शंटिंग, म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे हलवायचं काम, करत होती. कल्याणला मामाकडे गेलं की मी ती पाहिलेली आहेत, तेव्हा मात्र ती मला कुरूप वाटायची. एक आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, 'सर लेस्ली विल्सन' नावाचं. मुंबईच्या एका गव्हर्नराचं नाव. खेकड्याला गव्हर्नर म्हणावं की गव्हर्नरला खेकडा, हे तेव्हाच्या गँगमननी आपापसात ठरवलं असेल.

याच विंटरथूरच्या कारखान्याने त्याआधी स्वित्झर्लंडमधल्या गोथार्डच्या घाटासाठी जी इंजिनं केली, त्यांना जगभर 'मगर' म्हणतात. मगरीचं मॉडेल कित्येक कंपन्या करतात. लहान, मोठं, तपकिरी, हिरवं, म्हणाल तसं. तिच्या या सावळ्या बहिणीचं मात्र कारखान्यातून निघालेलं मॉडेल मी आजवर पाहिलेलं नाही.

माझा भाचा स्टुटगार्टला असतो. मार्क्लिन कंपनीचं गाव ग्योपिंगेन तिथून जवळच. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला आला, बॅगेच्या तळातून एक खोकं काढलं आणि म्हणाला, "आत्या, खेकडा नाही मिळाला. मगर आणलीय." जड, धातूची, देखणी मगर. मी हळद-कुंकू लावायचीच बाकी होते. रुळांवर ठेवली, वीज दिली, आणि ती ढिम्म. कारण मी घाईत विसरले आणि त्या पोराला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मार्क्लिनची पद्धत वेगळी. तिथे एक तार रुळांतून आणि दुसरी रुळांच्या मधोमध असलेल्या बारीक खिळ्यांतून येते, आणि इंजिनाच्या पोटाखालची पट्टी त्या खिळ्यांवरून घसटत जाते. माझे रूळ दोन तारांचे, डावा एक, उजवा एक. मार्क्लिनची चाकं एकमेकांशी वीज जोडून टाकतात, म्हणजे माझ्या रुळांवर सरळ शॉर्ट. मगर आता शोकेसमध्ये गणपतीच्या शेजारी आहे. भाचा फोनवर अजून विचारतो, "चालते का गं?" मी सांगते, "मस्त आहे." हे खोटं नाही.

दुसरी ओळ डेक्कन क्वीनची. पुण्याच्या माणसाच्या यादीत ती नसेल तर त्याचं रेशनकार्ड तपासावं. पण कुठली डेक्कन क्वीन, हे मला खोलीने शिकवलं. आजचा एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीचा, डबा एचओत साडेसत्तावीस सेंटिमीटर भरतो. सोळा डबे आणि इंजिन धरलं तर साडेचार मीटरच्या वर जातं. माझी खोली अकरा फूट, म्हणजे सव्वातीन मीटरच्या किंचित पुढे. गाडीचं तोंड भिंतीला लागेल तेव्हा गार्ड अजून दाराबाहेर, स्वयंपाकघराच्या हद्दीत. मालगाडीची तर बातच नको. कोळशाच्या अठ्ठावन्न वाघिणींचा रेक सात मीटर होतो. तो आमच्या घरातून निघून शेजारच्या काकूंच्या देवघरात पोहोचेल.

मग मी मागे जाऊन पाहिलं. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा ती सात डब्यांची होती. डब्यांच्या चौकटी इंग्लंडच्या, वरचं काम माटुंगा वर्कशॉपचं. दोन रेक होते, एक चंदेरी आणि लाल पट्ट्यांचा, दुसरा गडद निळा सोनेरी रेघांचा. सात डबे, डब्याला पाव मीटर, आणि पुढे इंजिन. दोन मीटर. माझ्या खोलीत बरोब्बर बसते! त्या दिवसापासून माझी यादी सुधारली: '१९३०ची, निळी.' लोकांना वाटतं मी इतिहासाच्या प्रेमात आहे. मी चौरस फुटांच्या प्रेमात आहे.

घाट मात्र कुठल्याही खोलीत बसत नाही. कर्जतहून वर जाताना खरा चढ १:३७ आहे, म्हणूनच मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. मॉडेलमध्येही एक सेंटिमीटर वर जायला सदतीस सेंटिमीटर रूळ लागतात. एका गाडीवरून दुसरी न्यायची तर निदान दहा सेंटिमीटर उंची हवी, आणि त्यासाठी तीन मीटर सत्तर. पुन्हा भिंत. खरा घाट बांधतानाही एक भिंत आडवी आली होती. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजारपणात गेला. त्याच्या बायकोने, ॲलिसने, ठेका स्वतःच्या नावावर घेतला, दोन इंजिनियरांच्या हाती काम सोपवलं आणि तडीस नेलं. १८६३ला घाट चालू झाला. माझ्या सुरंगावर मी एक बारीक पाटी लावणार आहे, तिच्या नावाची. खरी नाही, पण असायला हवी होती.

इतरांच्या यादीतलं सगळं सांगत बसत नाही. निवृत्तांचं एकमत डब्ल्यूडीएम-२ वर. त्या डिझेल इंजिनाचा मूळ आराखडा अमेरिकेच्या आल्को कंपनीचा, पुढे वाराणसीला अडीच हजारांहून जास्त तयार झाली, भारतातल्या दोन पिढ्यांचं डिझेल म्हणजे तेच. आल्कोच्याच अमेरिकी इंजिनाचं मॉडेल घ्यायचं, त्याची चाकं आणि मोटर ठेवायची आणि वर स्टायरीन प्लास्टिकच्या पत्र्याचं अंग चढवायचं, हा आमच्यातला जुना धंदा. आता थ्री-डी प्रिंटवाली मुलं अंग छापून देतात. पायऱ्या-पायऱ्यांच्या रेघा दिसतात त्यावर, घासून घासून बोटं सोलतात, पण मिळतं. नाशिकच्या एका सभासदाला माथेरानची गाडी हवी. पीरभॉय कुटुंबाने १९०७मध्ये पुरी केलेली ती दोन फुटी लाइन. एचओत सात मिलिमीटर होते, म्हणजे घड्याळजीचं काम. कॉलेजातला मुलगा दरवर्षी वंदे भारत लिहितो आणि आम्ही म्हातारे दरवर्षी नाक मुरडतो. माझं म्हणणं एवढंच की त्या गाडीला करण्यासारखं काही नसतं. इंजिन सुटत नाही, जोडलं जात नाही, डबा काढावा लागत नाही. आली, गेली. तो म्हणतो, "काकू, पण मी रोज तीच बघतो ना." याला उत्तर नाही. मीही खेकडा रोज पाहायचे म्हणूनच मागते.

बाहेरून आणायचं म्हटलं तर सरकारदरबारी हे सगळं खेळणं. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२०मध्ये वीसवरून साठ टक्के झाली आणि २०२३मध्ये सत्तर. साठीच्या माणसाने सत्तर टक्के भरून खेळणं आणायचं म्हणजे घरात आधी वातावरण तयार करावं लागतं. म्हणून भाचे, पुतणे, जावई. प्रत्येकाच्या बॅगेत कोपराएवढी जागा आमची.

एवढं सगळं झालं तरी इंजिन मिळू शकतं. पैसा, वेळ, ओळख, यातलं काहीतरी खर्च करावं लागतं, पण मिळू शकतं. हे मला उशिरा लक्षात आलं. गेल्या चार-पाच वर्षांत माझ्या यादीतल्या ओळी एकेक करून गाडीवरून फलाटावर उतरल्या.

सिग्नलचंच घ्या. आपण म्हणतो 'सिग्नल पडला', म्हणजे गाडी येते आहे. आपले जुने हाताचे सिग्नल खाली झुकले की रस्ता मोकळा. जर्मन किटांमधले हात वर जातात. माझ्या कर्जतला गाडी यायची तर सिग्नल उठून कसा चालेल? शेवटी इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा किट सापडला. त्या एका कंपनीने शेवटपर्यंत खाली पडणारे हात ठेवले होते. त्यांचे आभार. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'कर्जत', तीन भाषांत, ही मीच छापली. फलाटावरचं पिंपळाचं झाड तांब्याच्या तारेचं, पानं घोसाळ्याच्या जाळीची. माती म्हणजे वाळवलेली चहाची पूड. कातळ मात्र मी भरपूर वेळ देऊन केला. आपला बेसॉल्ट पायऱ्यापायऱ्यांनी बसलेला असतो, आणि किटमधले डोंगर सगळे आल्प्सचे, टोकदार. थर्माकोलचे थर चाकूने कापून, वर प्लास्टर, मग पातळ काळा रंग ओतायचा आणि तो आपोआप फटींत उतरताना बघत बसायचं. यासारखं दुसरं सुख नाही.

आणि मग माणसं.

१/८७ची माणसं युरोपातून पाकिटांत येतात, सहा-सहा. हॅटवाले गृहस्थ, कुत्र्याला फिरवणारी बाई, सायकलवरची मुलगी, बाकावर बसलेलं वृद्ध जोडपं. ओव्हरकोट! कर्जतला, मे महिन्यात! मी पोहण्याच्या पोशाखातल्या माणसांचं पाकीट घेतलं आणि उघड्या अंगांवर लाल सदरे रंगवून हमाल केले. एका पाद्र्याचा झगा पांढरा करून त्याला वडेवाला केला, डोक्यावर टोपली दिली. दिवाडकरांचा वडा खाऊन वाढलेल्या मला हे थोडं पाप वाटलं.

लहानपणी हे प्रश्न नव्हते. दिवाळीच्या किल्ल्यावर कुंभाराकडून आणलेले मावळे असत, दरवाज्यापेक्षा उंच. महाराज बुरुजाएवढे, वाघ महाराजांएवढा, आणि तळ्याकाठची गवळण त्या सगळ्यांपेक्षा धिप्पाड. भाऊ त्यात बोगदा करून चावीची आगगाडी सोडायचा. कुणाला काही खटकत नव्हतं. पाणी मारलं की अळीव उगवायचे, तीच झाडी. आता मी पावणेतीन मिलिमीटरसाठी रात्र जागवते. ही प्रगती म्हणायची की काय, देव जाणे.

तर बायका. साडीतली बाई त्या पाकिटांत येत नाही. लांब झग्यातल्या बाईला पट्टे रंगवून पाचवारी भासवता येते, लांबून. पण कर्जतच्या फलाटावर, मी दाखवते आहे त्या काळात, भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बायका नऊवारीत होत्या. काष्टा रंगवून होत नाही. त्याला घडी हवी, दोन पायांमधून मागे गेलेली, पोटऱ्या दिसायला हव्यात. गेल्या जानेवारीत माझ्या यादीवर एकच ओळ होती: 'नऊवारीतल्या बायका, सहा, एक उभी, पाच बसलेल्या.' डॉक्टर म्हणाले, "ताई, आणि खेकडा?" म्हटलं, खेकड्याची वाट पाहणारं कुणीतरी आधी फलाटावर असू दे.

मग एका दुपारी मी हिशेब केला. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. भागिले ८७, साडेनऊ सेंटिमीटर. रुंदी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. बाई पाच फुटी, म्हणजे साडेसतरा मिलिमीटर. तेवढी पट्टी कापून खरोखरचं लुगडंच नेसवून का पाहू नये?

टिश्यू पेपरचा एकच पदर सोलून काढला, हिरव्या रंगात बुडवला, वाळवला, पट्टी कापली. बाईसाठी त्याच पोहणाऱ्यांच्या पाकिटातली एक. चिमटा, भिंग, पातळ केलेला डिंक. पहिल्या निऱ्या केल्या आणि पट्टी तशीच ताठ उभी राहिली, परकराला स्टार्च केल्यासारखी. कापड पडतं ते स्वतःच्या वजनाने. लांबी-रुंदी ८७ पट कमी केली तरी कागदाची जाडी काही तितकी कमी होत नाही, आणि वजन तर नाहीसंच होतं. पाण्याचंही असंच. खरं पाणी मॉडेलच्या धबधब्यात सोडलं तर थेंबच पडतात, धबधबा होत नाही. लुगड्याला ओला डिंक द्यावा तर विरघळतं, कोरडं ठेवावं तर उभं राहतं. नऊ बायका वाया गेल्या. एकीला तर मी लुगड्यात पुरलीच, मोदक झाला तिचा.

दहाव्या बाईला मी पूर्ण पट्टी वापरण्याचा हट्ट सोडला. साडेचार सेंटिमीटर पुरे. काष्टा वेगळा, पदर वेगळा, कमरेचा वेढा वेगळा. एप्रिलमधल्या एका रात्री, साडेबाराच्या सुमारास, ती उभी राहिली. हिरवं लुगडं, काठ लाल, कपाळावर सुईच्या टोकाने कुंकू. मी तिला फलाटावर, पिंपळाच्या खाली, लोकलच्या बाजूला तोंड करून चिकटवली.

सकाळी सासूबाई आल्या. आईंचं वय शहाऐंशी, त्या अजून नऊवारीच नेसतात. माझ्या खोलीत त्या फारशा येत नाहीत, 'बाहुल्यांचा कारखाना' म्हणतात. पण मी हात धरून आणलं, स्टुलावर बसवलं, पोथी वाचायचं त्यांचं भिंग हातात दिलं आणि दाखवलं. बराच वेळ त्या वाकून पाहत होत्या. श्वास भिंगावर येत होता, तो पदराने पुसला, पुन्हा पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील.

"काष्टा चांगला बसलाय," त्या म्हणाल्या. "पण अगं, हिचा पदर उजव्या खांद्यावर घेतलायस."

मी चिमटा घेतला.